सांगणारा आणि लिहिणारा

हा लेख मी टंकलेला नाही, सांगितलेला आहे. म्हणजे फोन टेबलावर ठेवायचा, माइकचं चित्र दाबायचं आणि बोलत सुटायचं. विरामचिन्हं आणि चुकलेले शब्द तेवढे नंतर डाव्या हाताच्या एका बोटाने. गेले सात महिने माझं बरंचसं लिहिणं असंच चाललंय. "काय रे, लिहिणं सोडलंस का?" असं विचारणाऱ्या पुण्याच्या मावशीसाठी हे उत्तर. :)

कारण सांगून टाकतो, म्हणजे फोन येणार नाहीत. वीस-बावीस वर्षं जालन्यात डीटीपीचा धंदा केला. लग्नपत्रिका, बिलबुकं, प्रतिज्ञापत्रं, कुणाचे प्रबंध. त्यातून उजवं मनगट गेलं. रात्री दोनला अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग यायची, हात झटकत बसायचं. डॉक्टर म्हणाले, कार्पल टनेल. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा मिळून बोगदा झालेला असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्यांभोवतीचं आवरण सुजलं की जागा कमी पडते आणि मार नसेवर बसतो. पट्टा बांधा, टंकन कमी करा. टंकणाऱ्याला टंकन कमी करा म्हणजे शेतकऱ्याला शेत कमी नांगरा म्हणण्यासारखंच. असो.

पण माझं मनगट हा आजचा विषय नाही. बोलून लिहायला लागल्यावर काही दिवसांनी डोक्यात आलं, की हे जे मी मोठ्या कौतुकाने पोरांना दाखवतोय ते आपल्याकडे मुळीच नवीन नाही. आणि माझ्या जिल्ह्यात जन्मलेल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाचा सगळ्यात प्रसिद्ध ग्रंथ असाच सांगून लिहिलेला आहे.

जांब. आता घनसावंगी तालुक्यात येतं, जांब समर्थ म्हणतात. इथे सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी १६०८ मध्ये नारायण जन्मला, तो पुढे समर्थ रामदास झाला. लग्नाच्या बोहल्यावरून 'सावधान' ऐकून पळालेला मुलगा म्हणून ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून सोडून देतो. माझ्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. नाशिकजवळच्या टाकळीत तरुण नारायण तपश्चर्येला राहिला. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात वाल्मीकी रामायणाची एक पोथी आहे, ती समर्थांनी त्या तरुण वयात स्वतःच्या हाताने उतरवली असं मानतात. वाल्मीकी रामायण म्हणजे चोवीस हजार श्लोकांचा ग्रंथ. बोरू, दौत, मांडी घालून बसणं, मान खाली. लिहिणं म्हणजे काय असतं हे त्या माणसाच्या अंगाला पुरतं ठाऊक होतं.

आणि मग दासबोध. परंपरा सांगते की महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ बोलत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले. वीस दशक, प्रत्येकी दहा समास, ७७५१ ओव्या. ग्रंथातच एके ठिकाणी कलियुगाची ४७६० वर्षं झाल्याचा हिशोब आहे, त्यावरून तो भाग १६५९ च्या सुमाराचा ठरतो. कल्याणस्वामींच्या हातची प्रत परांडा तालुक्यातल्या डोमगावच्या मठात जपली गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्यावरून दासबोध छापला. म्हणजे आपण आज वाचतो तो आवाज समर्थांचा आणि अक्षर कल्याणांचं.

घळीचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. समर्थ बसलेले, समोर कल्याण, हातात लेखणी. आपल्या घरातही होतं, आजोबांच्या खोलीत. लहानपणापासून मी त्यात समर्थांकडे बघत आलो. आता कल्याणस्वामींच्या मनगटाकडे बघतो.

मात्र समर्थ त्या मनगटाला विसरलेले नव्हते, असं माझं मत आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, मात्रा-वेलांट्या कशा द्याव्यात. देशोदेशीचे बोरू आणावेत, शाई, हिंगूळ बाळगावं, पोथीला मेणकापड, पेटी, कुलूप करावं. अगदी दुकानदाराच्या यादीसारखं! आणि त्यातच एक सल्ला आहे, तो वाचून मी थबकलो. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहावं. सतराव्या शतकातल्या एका बैराग्याने कारकुनी करणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी केलेली आहे. आमच्या धंद्यात आठ पॉइंटात अख्खी पत्रिका बसवून मागणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांना हा समास वाचायला द्यायला हवा.

समर्थांच्या आधीही हे होतंच. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हे वर्ष दिलंय आणि लेखक म्हणून सच्चिदानंदांचं नाव आहे. ते नेवाशाला झालं. त्याच्याही थोडं आधी महानुभावांच्या म्हाइंभटाने चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र लिहिलं. म्हणजे मराठी गद्याचा आणि पद्याचा पायाच असा आहे, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. ओवी हा प्रकारच तोंडातला. लिहिणारा मागाहून येतो.

पण संतांपेक्षा मला जास्त कुतूहल आहे ते पोटासाठी लिहिणाऱ्यांचं. सरदार किंवा देशमुख मजकूर सांगणार आणि कारकून लिहिणार. सांगणाऱ्याचा वेग बोलण्याचा, लिहिणाऱ्याचा हाताचा. त्या दोघांची गाठ घालायला आपल्याकडे एक फार हुशार युक्ती होती, ती म्हणजे मोडी. आधी कागदावर एक सलग आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला लटकत, हात शक्यतो न उचलता अक्षरं वळवत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, शब्दांमध्ये अंतर सोडायची सक्ती नाही. ती हेमाडपंताने आणली असं म्हणतात, त्यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी का आणली असेना, शेकडो वर्षं कारकुनांची मनगटं तिने वाचवली. हात कमी उचलावा लागणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याचा हात दुखतो त्याला विचारा.

या मोडीचा आमच्या जिल्ह्याशी अगदी ताजा संबंध आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पुढे कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं बाहेर निघाली. बघतात तर काय, मोडी आणि उर्दू! १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, राज्यकारभाराची भाषा उर्दू. एकदम मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कुणीतरी सांगितलेलं, कुठल्यातरी कारकुनाने घाईघाईत लिहिलेलं एक वाक्य आणि त्यावर आज एखाद्या पोराचा दाखला अवलंबून. राजकारण बाजूला ठेवू, तो या लेखाचा विषय नाही. पण त्या कारकुनाचं नाव कुणी विचारलं का?

लिहिणाऱ्याच्या हाताला काय होतं हे पहिल्यांदा नीट मांडलं इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने. कामधंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवर त्याचं पुस्तक १७०० साली आलं आणि १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर प्रकरण घातलं. तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. हे तिसरं कारण वाचून मी हात जोडले. कोर्टाच्या कागदात एक आकडा चुकला तर काय होतं ते आम्हालाच माहीत! रामाझिनीने एका लेखनिकाची हकीकत दिलीय. आयुष्यभर लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो नेटाने डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि काही काळाने डाव्यालाही तेच झालं. मी एका बोटाने दुरुस्त्या करतो ते डाव्या हाताने हे वर सांगितलंच आहे... तेव्हा जपून.

मग यंत्र आलं. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, सरकारी कामकाज मराठीत यायला लागलं आणि गावोगाव टायपिंगच्या संस्था निघाल्या. आमच्याकडची गंमत बघा. ज्या कचेरीत १९४८ आधी उर्दूत लिहायचे, तिथेच एका पिढीत बाळबोध मराठी टाइप व्हायला लागली. मिनिटाला तीस शब्द मराठी, चाळीस शब्द इंग्रजी, यावर नोकऱ्या ठरायच्या. माझ्या काकांची त्यावरच लागली. कोर्टाबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसायचे, लाकडी पेटीवर मशीन, कार्बन घातलेले चार कागद. चौथ्या प्रतीपर्यंत अक्षर उमटायला हवं म्हणून बोट कसं आपटायचे! देवनागरीचं कळपाट म्हणजे शिक्षाच. अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं शिफ्ट दाबून करंगळीने, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. पुढे संगणकावर इनस्क्रिप्ट आलं, त्यात वेलांटी अक्षरानंतर. ज्यांचे हात पंधरा वर्षं एका सवयीत गेले त्यांना ती उलटी करायला सांगितली.

तरीसुद्धा जुन्या टाइपरायटरमध्ये एक दया होती. ओळ संपली की हात उचलून कॅरेज ढकलायचं. पान संपलं की कागद काढा, नवा घाला, कार्बन जुळवा. रिबन अडकली की शाईने हात काळे. ही सगळी कटकट म्हणजे मनगटाची सुट्टी होती. संगणकाने ती कटकट काढून टाकली. ओळ आपोआप वळते, पान संपतच नाही, माणूस चार-चार तास हात न हलवता बोटंच हलवत बसतो. बोरूवाल्याला निदान दौतीत बुडवायला थांबावं लागायचं.

आता माझा स्वतःचा कल्याणस्वामी होण्याचा अनुभव. दुकानात एक वकीलसाहेब यायचे. चांगला माणूस. माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत, चहा पीत, दावा तोंडी सांगायचे. मी टंकत जायचो. मध्येच, "कुठपर्यंत आलो रे आपण?" मी वाचून दाखवायचो. कधीकधी मी म्हणायचो, "साहेब, वर गट नंबर वेगळा सांगितला होता." ते थांबायचे, बघायचे, "बरं झालं बोललास." त्यांचा हात कधी दुखला नाही. याला मी तक्रार म्हणत नाही, त्याचेच पैसे मिळायचे. पण सांगून लिहिण्याचा आपला इतिहास हा मला आता असा दिसतो. दुखणं नाहीसं होत नसे, ते सांगणाऱ्याच्या मनगटातून लिहिणाऱ्याच्या मनगटात जाई. आणि त्या बदल्यात सांगणाऱ्याला एक ऐकणारा मिळे, जो अडवू शके. दासबोधात श्रोता सारखा आशंका काढतो, वक्ता उत्तर देतो. ती ग्रंथ लिहिण्याची जुनी रीत आहे हे खरं, पण समोर लिहिणारा जिवंत माणूस बसलेला असताना ती किती सोपी जात असेल!

सांगणं आणि लिहिणं यांनी वाक्यही बदलतं. हेन्री जेम्स नावाचा मोठा कादंबरीकार होऊन गेला. १८९७ मध्ये त्याचा उजवा हात इतका दुखायला लागला की त्याने लेखनिक ठेवला आणि पुढची सगळी वर्षं तो सांगत राहिला, समोर रेमिंग्टनवर टाइप होत राहिलं. त्याची वाक्यं आधीच लांब, ती आणखी लांबली असं म्हणतात. त्याला त्या यंत्राच्या टकटकीची इतकी सवय झाली होती की दुसऱ्या, कमी आवाजाच्या मशीनवर त्याला सुचेना. आपल्याकडे टिळक 'केसरी'चे कितीतरी अग्रलेख तोंडी सांगत. पण मंडालेच्या तुरुंगात कुणाला सांगणार? १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य त्यांनी पेन्सिलीने स्वतः लिहून काढलं, कारण शाई द्यायला परवानगी नव्हती. अग्रलेख आणि गीतारहस्य एकापाठोपाठ वाचून बघा. एकाच माणसाची भाषा, पण एक समोरच्याला उठवणारी आणि दुसरी स्वतःशी बसलेली. अर्थात विषयही वेगळे आहेत, सगळं श्रेय पेन्सिलीला नको.

मराठीत बोललं की अक्षरं उमटायला फार उशिरा सुरुवात झाली. इंग्रजीत ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग १९९७ मध्ये आलं, त्यात न थांबता सलग बोलता यायचं. आपल्याकडे तेव्हा फॉन्टचीच मारामारी होती. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की चौकोन. मराठीत आवाजाने टंकायची सोय सर्वसामान्यांच्या फोनवर आली ती २०१७ मध्ये, गूगलने हिंदीखेरीज आणखी आठ भारतीय भाषा घेतल्या तेव्हा. २०२२ मध्ये केंद्र सरकारनेही 'भाषिणी' सुरू केलं. आता ही सोय बऱ्याच ठिकाणी मिळते. आपल्या भाषेच्या आठशे वर्षांत पहिल्यांदाच असं झालंय, की सांगणारा सांगतो आणि कुणाचंच मनगट दुखत नाही. मला हे फार मोठं वाटतं. याच्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी माझ्यासारखं रात्री दोनला हात झटकत बसून बघावं.

फक्त तो ऐकणारा गेला. फोन मला कधी म्हणत नाही की गट नंबर वेगळा सांगितला होता. मी काहीही बोललो तरी तो मुकाट्याने लिहितो. त्यामुळे संध्याकाळी सगळं मोठ्याने वाचून स्वतःलाच आशंका काढाव्या लागतात.

आणि तो सगळ्यांचं ऐकत नाही. माझं ऐकतो, कारण मी त्याच्याशी पुस्तकी बोलतो, हे मला बायकोने दाखवून दिलं. "तुम्ही त्या फोनशी बोलताना आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखं बोलता." खरंय. 'का' म्हणतो, 'कामून' म्हणत नाही. 'तेव्हा' म्हणतो, 'तवा' म्हणत नाही. माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. तिला सहीपुरतं लिहिता येतं. जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात याचा हिशोब आम्ही कुणी कधी केला नाही. मला वाटलं, फोन समोर ठेवला की झालं, ती म्हणेल आणि तो लिहील. दिवाळीत ठेवला. तिने तीन ओव्या म्हटल्या. पडद्यावर जे उमटलं त्यात 'कामून'ची 'कमान' झाली होती, 'माय'चा 'माल', आणि बाकीचं हिंदीही नाही आणि मराठीही नाही. तिने विचारलं, "काय लिहिलं त्यानं?" मी वाचून दाखवलं तर तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "त्याला आपल्याकडचं कळत नाही वाटतं."

शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता म्हणत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व मावसभाऊ टिपून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. त्या घरात कुणी वही घेऊन बसलं नसतं तर आपल्याकडे काहीच उरलं नसतं. माझी आई बहिणाबाई नाही. तिच्या ओव्या तिने रचलेल्या नाहीत, तिच्या आईकडून, सासूकडून आलेल्या, जांबच्या बाजूच्या.

तर सध्या असं चाललंय. रात्री जेवणं झाली की आई म्हणते आणि मी वहीत पेन्सिलीने, डाव्या हाताने लिहितो. फोन बाजूला नुसता आवाज साठवायला. डावं अक्षर मोठं येतं, एका पानावर जेमतेम सहा ओव्या, आणि रामाझिनीची आठवण ठेवून रोज तेवढंच एक पान. मी मागे पडलो की ती थांबते, "झालं का?" विचारते. मीही तिला अडवतो, "काल इथं भाऊ म्हणाली होतीस, आज दीर म्हणतेस." ती विचार करते. कधी म्हणते भाऊच बरोबर, कधी म्हणते दोन्ही हायेत, दोन्ही लिही. कालपर्यंत एकशे अडतीस झाल्या. धाकट्या मावशीला काही पाठ असतील तर तिने कळवावं, पण फोनवर म्हणून, टंकून नव्हे.